दाराकडे तोंड केलेली उशी

१

डॉक्टर मंजुश्रींनी कारभारीआबांच्या डाव्या खुब्यावरची पट्टी उचलली, तसा त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर झटकन खिडकीकडे बघायला लागला. जखम चांगली रुपयाएवढी होती, कडेनं काळपट आणि मध्ये ओली. आबांचं डावं अंग लकव्यानं गेलेलं, त्यामुळे तिथलं त्यांना काही कळतच नव्हतं. ते आपले पंख्याकडे बघत पडून होते.

"बाप आणला तव्हा त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता," ज्ञानेश्वर खिडकीशीच बोलला. "तुमची ते वंदना सिस्टर कूस बदलली, कूस बदलली म्हून कागद भरून राह्यली, आन् अठी माणूस सडून राह्यला. मी आमच्या गावाले, धाडले जातो आन् चार माणसं घेऊन दुपारून येतो. तव्हा ते बाई अठी दिसली नाही पाहिजे. दिसली तं मी पोलीस स्टेशनात जातो."

आबांची बायको रुखमाबाई स्टुलावर बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला. ज्ञानेश्वर पाय आपटत गेला.

खाटेच्या पायथ्याशी पंचफुलाबाई उभ्या होत्या. सकाळी त्या देऊळघाटला अंगणात मुगवड्या वाळत घालत होत्या. डॉक्टरांचा फोन आला तशा हात धुऊन मिळेल त्या जीपमध्ये बसल्या. रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी बुलढाण्यात अजून त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणतात. मंजुश्री शिकाऊ डॉक्टर असताना पहिलं इंजेक्शन देताना त्यांचा हात लटपटला होता आणि तो हात धरला होता पंचफुलाबाईंनी. वंदना तर त्यांच्या हाताखालच्या शेवटच्या पोरींपैकी.

"ताई, वंदनाला काढायची माझी इच्छा नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पण जखम समोर आहे. त्या मुलाला मी काय सांगू? आणि एकदा असं नाव घेऊन बाहेर पडलेल्या पोरीला दुसरा कोणता दवाखाना ठेवून घेईल?"

पंचफुलाबाईंनी चष्मा लावला. जखमेकडे त्यांनी आधी बघितलंच नाही. आबांचा डावा कान बोटानं मागे केला. कानाची पाळी लालभडक होती. मग डावा घोटा बघितला, तिथंही लाल. शेवटी त्यांना अलगद वळवून माकडहाडाची जागा बघितली, टाचा बघितल्या. सगळं स्वच्छ, कोरडं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ही हयगयीची जखम नाही."

"मग कशाची आहे?"

"काळजीची. कोणीतरी फार मन लावून केलेली आहे."

२

वंदना चादरींच्या खोलीत फळीशी तोंड करून रडत होती. पंचफुलाबाई आत गेल्या, दार लोटलं, आणि नाकात धुतलेल्या चादरींचा वास शिरला. एकदम त्यांना सरकारी दवाखान्यातला जुना पुरुष वॉर्ड आठवला. रोज सकाळी पाठीचा राऊंड असायचा. पोरींची रांग, कोमट पाण्याची घमेली, साबण, वर पावडरचा डबा. एका टोकाला गाणं गुणगुणत सुरू करायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कोणत्या म्हाताऱ्याच्या सुनेला काय झालं हे सगळं कळलेलं असायचं. काय दिवस होते ते! तेव्हा पाठी खसाखसा चोळायच्या, खाली रबरी रिंग ठेवायच्या. आता चोळू नका म्हणतात, रिंग नको म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या सकाळी काही परत येत नाहीत.

"रडणं पुरे झालं," त्या म्हणाल्या. "मला आबा समज आणि कूस बदलून दाखव."

त्या खरंच रिकाम्या बाकावर आडव्या झाल्या. वंदनानं डोळे पुसले आणि हात आपोआप कामाला लागले. तिनं बाईंना पुरतं कुशीवर वळवलं नाही. अर्धवट कलतं केलं, पाठीशी उशी दिली, गुडघ्यांमध्ये घडी दिली आणि मग खुब्याखाली तळहात सरकवून बघितला.

"हाड टेकतंय का गं?"

"नाही सिस्टर. तुम्हीच शिकवलं ना, हाडावर भार आला तर कूस बदलली काय आणि नाही काय, सारखंच."

पंचफुलाबाई उठून बसल्या. जखम तर बरोबर हाडाच्या टोकावर होती. पुरत्या कुशीवर, वेळच्या वेळ, तेही डाव्या बाजूलाच निजवल्याशिवाय ती तिथं होत नाही. वंदनाच्या हातून तसं निजवलं जाणं शक्यच नव्हतं.

"जड माणूस. एकटी वळवतेस?"

"खाली आडवी चादर घातलीय ना. ती ओढली की वळतात. सोजरामावशी नसल्या की रुखमाआजी दुसरं टोक धरतात."

"आणि दोन तासांनी परत येतेस तेव्हा?"

"जसे ठेवून जाते तसेच असतात. तेच तर! मी खोटं लिहिलं असतं तर निदान काही सुचलं असतं," वंदनाला पुन्हा रडू फुटलं.

"तसेच म्हणजे अगदी तसेच? नीट आठव पोरी. सगळं डोळ्यांसमोर आण."

वंदनानं डोळे मिटले. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"सिस्टर... उशी. पाठीमागची उशी. दोनतीनदा तिच्या अभ्र्याचं तोंड दाराकडे होतं."

पंचफुलाबाई ताडकन बाकावरून उतरल्या.

३

आता ही गोष्ट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण पंचफुलाबाईंच्या वेळच्या मेट्रननं एका उशीवरून अख्ख्या वॉर्डाला उभं राहायला लावलं होतं. अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला. आत येणाऱ्याला गबाळेपणा दिसू नये, धूळ आत जाऊ नये. त्यांनी ते वंदनाच्या बॅचला शिकवलं होतं, आणि एकदा ती सवय लागली की झोपेतसुद्धा सुटत नाही. म्हणजे वंदना ठेवून गेल्यावर ती उशी दुसऱ्या कुणीतरी काढली होती आणि परत लावली होती.

सोजराबाई वऱ्हांड्यात फडकं पिळत होती. या दवाखान्यातली सगळ्यात जुनी मावशी. वंदनाशी तिचं फारसं पटत नाही हे सगळ्यांना माहीत.

"माया संशय घेता काय मोठ्या सिस्टर?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हाव, ते पोरगी लय शिस्त शिकवते, मले राग येते. पन म्हून मी म्हाताऱ्याच्या जीवावर उठू काय?"

"उशी लावून दाखव."

सोजराबाईनं उशी घेतली, थोपटली आणि तोंड दाराच्या उलट बाजूला करून ठेवली. ठेवताना बघितलंसुद्धा नाही. पंचफुलाबाईंना हसूच आलं. हिलाही त्यांनीच कधीकाळी रागे भरलं होतं.

वॉर्डात दोनच खाटा. आबांची खाट उजवीकडच्या भिंतीला लागून. त्यांच्या डाव्या हाताला, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर तुळशीराम. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधलेलं. तोही धाडचाच.

"याच्याशी आमचं बोलणं नाही," तुळशीराम छताला सांगितल्यासारखा बोलला. "जमाना झाला. शंकरपटाच्या शर्यतीत आमची जोडी धावे. एक बैल त्याचा, एक माया. पंचक्रोशीत नाव होतं. एका पटात कासरा तुटला, जोडी उधळली आन् त्याचा बैल पायातून गेला. तो म्हणे दोर तू कच्चा वळला. मी म्हणो दोघांनी वळला. बस. तेव्हापासून बंद."

"डॉक्टर सांगत होत्या, ज्ञानेश्वर तुमचंही नाव घेतो, तुम्हीच काही केलं असेल म्हणून."

"त्या पोराच्या लाडाचा बैल होता तो. लहान होता, लय रडला बिचारा. म्हणू द्या त्याले. मी या खुट्याले बांधलेला माणूस, कोणाले काय करू?"

पंचफुलाबाईंनी त्याच्याही पाठीखाली हात घातला. हा तर कूसही बदलू शकत नव्हता, तरी त्याची पाठ लोण्यासारखी मऊ आणि शाबूत होती. तीच सिस्टर, तीच ड्युटी, तीच खोली. मग एकाच माणसाला जखम का?

त्या आबांची चादर सारखी करायला वळल्या आणि त्यांच्या बोटाला काहीतरी टोचलं. डाव्या मांडीखाली, चादरीच्या चुणीत, एक लांब करडा धागा अडकला होता. त्यांनी तो उजेडात धरला आणि नाकाशी नेला.

अंबाडी. दोर वळायची अंबाडी दवाखान्याच्या खाटेत कशी आली?

४

रुखमाबाईला त्यांनी चहाला बाहेर नेलं. फाटकाशी टपरीवर बैलांच्या माळा, गोंडे, रंगांच्या पुड्या टांगल्या होत्या. पोळा तोंडावर आला होता. पंचफुलाबाईंचा बाप दुसऱ्यांचे बैल राखायचा, पण पोळ्याच्या दिवशी त्या बैलांच्या खांद्याला तूप लावताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू ते त्याचेच आहेत. ते आठवून त्या जरा वेळ चहा फुंकतच बसल्या.

"रुखमाबाई, आबाले दिवसभर तुम्हीच पाह्यता?"

"मीच तं. ज्ञानू दुपारी डबा देते, पायाशी उभा राह्यते आन् जाते. त्याले बापाकडं पाह्यवत नाही."

"त्याईले कोणी वळवते काय? सिस्टर गेल्यावर?"

"कोण वळवन बाई? मी अशी काडी. ते एवढे दांडगे. माह्यानं त्यायचा हात उचलत नाही."

बोलता बोलता रुखमाबाईनं बशी तोंडाला लावली, आणि पंचफुलाबाईंना तिचा उजवा तळवा दिसला. मधोमध घासल्याचा लाल पट्टा होता, ताजा.

"हे काय लागलं?"

"काही नाही, असंच," तिनं मूठ मिटली.

तेवढ्यात आतून कुईकुई असा आवाज आला. वंदनाची औषधाची ट्रॉली. तिच्या एका चाकाला तेल नव्हतं, आणि वऱ्हांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला ती निघाली की सगळ्या दवाखान्याला कळायचं. आवाज कानी पडताच रुखमाबाई अर्धवट चहा ठेवून उठली. दोन पावलं धावलीसुद्धा. मग काहीतरी आठवून थांबली आणि ओशाळून परत बसली.

पंचफुलाबाईंनी तिच्याकडे काही बघितलं नाही असं दाखवलं. कप धुवायला दिला, पदर खोचला आणि आत जाऊन वंदनाला म्हणाल्या, "दुपारी आबांना वळवून आलीस की ट्रॉली इथंच सोड. आणि चपला काढ."

५

दुपारी वंदनानं आबांना उजवीकडे अर्धवट कलतं केलं. तोंड भिंतीकडे, पाठीशी उशी, उशीचं तोंड दाराच्या उलट. "येते आबा," म्हणून ती गेली. ट्रॉली कुईकुई करत लांब गेली आणि थांबली.

जरा वेळानं तिघी अनवाणी निघाल्या. पुढे पंचफुलाबाई, मागे डॉक्टर मंजुश्री, त्यांच्या मागे वंदना, ओठ दाताखाली धरून. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता.

हसत होते आबा! लकवा झाल्यापासून ज्यांच्या तोंडून डॉक्टरांनी एक शब्द ऐकला नव्हता, ते आबा तोंड वाकडं करून, घशातून घोगरं हसत होते. ते पुरत्या डाव्या कुशीवर होते, कान उशीत रुतलेला, सगळा भार खुब्याच्या हाडावर. मोकळ्या उजव्या हातात अंबाडीच्या पेडाचं एक टोक होतं. समोरच्या खाटेवर तुळशीरामच्या मुठीत दुसरं टोक. दोघं उलट्या दिशांनी पीळ देत होते आणि दोन खाटांच्या मध्ये, पेड मधोमध तळव्यात धरून रुखमाबाई उभी होती. दोर वळायला टोकाला दोन माणसं लागतात आणि मधलं धरायला तिसरं.

"ढिला सोडू नको बे," तुळशीराम म्हणाला.

"तू... नको... सोडू," आबा म्हणाले. अडखळत, पण म्हणाले.

वंदनाच्या तोंडून हुंदका निघाला. रुखमाबाईनं मागे वळून बघितलं आणि तिच्या हातातून पेड सुटला.

६

"अव माय, मले काय मालूम!" रुखमाबाई खालीच बसली. "पहिल्यांदा आले तव्हा दोघंही तोंड फिरवून होते. मग एक दिवस हे तुळशीराम भाऊजी म्हणे, पोळा आला बे कारभारी. आन् ह्यायच्या तोंडून शब्द आला. दोर, म्हणे. इतक्या दिवसात पह्यला शब्द! मी अंबाडी आणली. सिस्टर त्याईले भिताडाकडं तोंड करून देये. भिताडाशी काय बोलन माणूस? मी चादर ओढो, ते ह्या हातानं कठडा धरत, की वळले. ट्रॉली वाजली की मी पुन्हा फिरवून देओ, उशी लावो."

"अन् वंदनावर आळ आला तव्हा बोलल्या काऊन नाही?" पंचफुलाबाईंचा आवाज चढला. राग आला होता त्यांना, खराच आला होता.

"ज्ञानूले कळलं असतं तं त्यानं ह्याईले अठून हालवलं असतं. मंग हे पुन्हा मुके झाले असते. मले वाटे जखम गादीच्या गरमीनं झाली. दुखत नाही म्हणत ते. हसून राह्यले होते बाई, हसून!"

पंचफुलाबाईंचा राग ओसरला. त्या रुखमाबाईच्या शेजारी जमिनीवर टेकल्या आणि तिचा तळवा हातात घेतला.

"दुखणारच नाही. ती बाजू मेलेली. तुमच्या आमच्या खुब्याले कळ आली की आपण झोपेतही वळतो. त्याईले कळ येत नाही, म्हणून वळणं आपल्या हाती. पुऱ्या कुशीवर निजवलं की सगळं वजन एका हाडावर येते, कातडीचं रक्त थांबते, ते आतून मरते. वर या अंबाडीचं कुसळ टोचते. सिस्टर भिताडाकडं करे, कारण दुसरी बाजू वाचवायची होती."

डॉक्टरांनी वंदनाच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, तुम्हाला अंदाज आला कधी?"

"कान बघितला तेव्हाच एवढं कळलं की कोणीतरी त्यांना डावीकडे पुरतं निजवतंय. तुळशीरामची पाठ बघितली आणि वंदना सुटली. सोजरानं उशी ठेवली, तीही सुटली. ज्ञानेश्वर पायाशी उभा राहून जाणारा. उरली ही एक. आणि चादर ओढायला हिला आपल्या वंदनानंच शिकवलेलं. घोटाळा फक्त ट्रॉलीचा होता. ती वाजायची, म्हणून कधी सापडलं नाही."

"काय सापडलं नाही?"

दारात ज्ञानेश्वर उभा होता. मागे धाडची माणसं. त्याची नजर वंदनावरून घसरून खाली गेली, जमिनीवर पडलेल्या पेडावर, तुळशीरामच्या हातातल्या टोकावर, बापाच्या हातातल्या टोकावर.

"हे काय चालू हाये? याच्यासोबत?"

 रुखमाबाई उठायला गेली, पण पंचफुलाबाईंनी तिला दाबून बसवलं. मग त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, काही न लपवता, उशीपासून अंबाडीपर्यंत. "तुमच्या मायची चूक हाये, पण तिच्या जागी मी असती तं मीही असंच केलं असतं," त्या म्हणाल्या. "मात्र या पोरीचा दोष नव्हता. तिच्या हातानं तुमच्या बापाची बाकी सगळी कातडी शाबूत राह्यली."

ज्ञानेश्वरचे कान लाल झाले. तो वंदनाकडे बघू शकला नाही. "आता जखम कशी बरी होईन?" त्यानं जमिनीकडे बघत विचारलं.

"डावी बाजू पूर्ण मोकळी ठेवायची," वंदना म्हणाली. आवाज बारीक, पण पक्का. "पाठीवर आणि उजवीकडे अर्धवट कलतं, आलटून पालटून. अंगाखाली अंबाडी येऊ द्यायची नाही; दोर वळायचा तर मध्ये स्टूल आणि त्यावर जाड कापड."

"उजवीकडं म्हंजे भिताडाकडं," रुखमाबाई पुटपुटली.

आबांनी डोळे मिटले. तुळशीरामनं हातातलं टोक खाली ठेवलं.

वंदनानं खाटेकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "खाट फिरवली तर?" ती म्हणाली. "डोकं आहे तिथं पाय. मग आबांची उजवी कूस तुळशीरामबाबांकडे होईल."

पंचफुलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. दोन्ही बाजूंनी विचार करून त्यांना हे सुचलं नव्हतं. त्यांना एकदम त्या जुन्या वॉर्डातल्या रांगेतली, सगळ्यात शेवटी उभी राहणारी, घमेलं सांडणारी वंदना दिसली.

"सिस्टर," ज्ञानेश्वर पुढे आला, "कोणत्या बाजूनं ढकलू?"

धाडहून भांडायला आणलेल्या माणसांनीच खाट उचलून फिरवली. वंदनानं आबांना उजवीकडे कलतं केलं, उजवा हात अलगद पुढे काढून दिला, खुब्याखाली तळवा सरकवून बघितला. रुखमाबाईनं पाठीशी उशी आणून दिली. देता देता ती थांबली, दाराकडे बघितलं आणि उशी उलटी फिरवली.

आबांसमोर तुळशीराम होता. मध्ये स्टूल, स्टुलावर कापड, कापडावर अंबाडीचा पेड. दोघांनी आपापलं टोक उचललं, पण पीळ देईनात. नुसते थांबले.

"मधी... कोण... धरन?" आबांनी विचारलं.

रुखमाबाईनं मूठ उघडली, तळव्याच्या लाल पट्ट्याकडे बघितलं आणि मुलाकडे बघितलं. ज्ञानेश्वर तसाच उभा होता. मग त्यानं डोळे पुसले, शर्टाच्या बाह्या वर केल्या, दोन खाटांच्या मध्ये गेला आणि दोर मधोमध धरला.

"घट्ट धर पोरा," तुळशीराम म्हणाला. "या खेपी तुटला नाही पाहिजे."